अकलोलीचे पाणी किती खोलवर तापते?

सुट्टीच्या दिवशी ठाण्याहून भिवंडी-वाडा रस्त्याने निघून अंबाडी नाक्यावर वळले की वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी इथली तानसाकाठची गरम पाण्याची कुंडे गाठता येतात. कुंडाच्या पायरीवर एक वाक्य हमखास कानावर पडते: “खाली गंधक आहे, म्हणून पाणी गरम.” शाळेतही अनेकांनी हेच ऐकलेले असते, पण ते चुकीचे आहे. गंधकाच्या ज्वलनाने पाणी तापत असते तर ते आम्लधर्मी झाले असते. कोकणपट्टीतल्या झऱ्यांचे पाणी उलट किंचित अल्कधर्मी आहे. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. ज्वालामुखीही नाही, इथला बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच थिजला.

पाणी पावसाचेच. ते खडकातल्या भेगांतून खाली झिरपते आणि दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअसने तापत जाते. पुढे एखादी मोठी उभी भेग सापडली की भराभर वर येते. सावकाश आले असते तर वाटेतल्या खडकांनी सगळी उष्णता शोषून घेतली असती.

मग ते किती खोल गेले होते? कुंडात 50 अंश आणि जमिनीवर 27 अंश धरले तर एक किलोमीटरही पुरेल. पण वाटेत पाणी थोडे तरी निवतेच, म्हणून हा आकडा किमान समजायचा. खरा पुरावा पाण्यात विरघळलेल्या सिलिकाचा, म्हणजे गारगोटीच्या द्रव्याचा. 25 अंशांना लिटरभर पाण्यात क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, जेमतेम 6 मिलिग्रॅम विरघळते, 100 अंशांना सुमारे 50, तर 125 अंशांना 80. (तिथे वरच्या पाण्याचा दाब असतो, त्यामुळे 100 अंशांपुढेही पाणी उकळत नाही.) गंमत अशी की विरघळलेले सिलिका निवताना लगेच खाली बसत नाही. पाणी वर आले तरी खालच्या तापमानाची खूण अंगावर बाळगून असते. समजा, नमुन्यात 80 मिलिग्रॅम निघाले, म्हणजे खाली 125 अंश होते, तर ते पाणी सव्वातीन ते चार किलोमीटर खोल जाऊन आले असावे.

नमुना कुंडाच्या कडेचा नको, जिथे बुडबुडे येतात त्या तोंडाचा हवा. बाटली प्लॅस्टिकची, कारण काचेतूनही सिलिका सुटते. पाणी ताबडतोब गाळून, मोजलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात पातळ करायचे. नाहीतर निवताना सिलिकाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि चाचणीत आकडा कमी येतो. पावसाळ्यात वरचे गार पाणी मिसळते, तेव्हाही आकडा फसवतो. म्हणून नमुना उन्हाळ्यात घेतलेला बरा.

डुंबण्यासाठी 38 ते 40 अंशांचे कुंड निवडावे आणि 10-15 मिनिटांत बाहेर यावे. 50 अंशांच्या पाण्यात काही मिनिटांत कातडी भाजते. मधुमेहाने पायांची जाणीव गेलेल्यांना तर चटका कळतही नाही, त्यांनी आधी थर्मामीटर बुडवून पाहावा. आखडलेले सांधे ऊबेने मोकळे होतात, हे खरे. पण गजकर्ण या पाण्याने बरे होते या समजुतीला आधार नाही. ओला टॉवेल एकमेकांचा वापरला तर ते पसरते मात्र. गर्भवतींनी आणि हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. डोके पाण्याखाली घालून बुडी मारू नये. कोमट पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमिबा वाढू शकतो. तो पाणी प्यायल्याने नाही, तर नाकात पाणी गेल्याने मेंदूपर्यंत पोचतो. हा आजार फार क्वचित होतो, पण झाला तर बहुतेक वेळा प्राणघातक ठरतो.