सुझदलमध्ये परदेशी पाहुण्याचा मुक्काम : नोंदणीच्या नियमांची पार्श्वभूमी

रशियातल्या सुझदल या छोट्या जुन्या गावाला जाऊन येणे सोपे आहे. मॉस्कोहून व्लादिमिर शहरापर्यंत वेगवान गाडीने पावणेदोन ते अडीच तास, समोरच्याच बसस्थानकातून पुढे तासाभराचा रस्ता. प्रश्न रात्रीचा असतो, कारण परदेशी माणूस कुठे मुक्कामाला आहे हे रशियात सरकारला कळवावे लागते. गावात कोणाच्या घरी किंवा कोणत्या हॉटेलात झोपलात, ते कोणी कोणाला कळवले आणि त्याचा कागद तुमच्याकडे आहे का, या तीन गोष्टींवर रशियातल्या छोट्या गावांतली परदेशी माणसाची सहल गेली साठेक वर्षे अडत किंवा सुटत आली आहे. नियम अनेकदा बदलले. काही बदल कागदावर किरकोळ होते, पण अशा गावांत त्यांचा परिणाम मोठा झाला.

गावाचा जुना इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात. बखरीतला पहिला उल्लेख 1024 सालचा. बाराव्या शतकात काही काळ इथल्या संस्थानाची राजधानी, मग सत्ता व्लादिमिरला गेली, 1238 मध्ये मंगोलांनी गाव जाळले, 1392 मध्ये ते मॉस्कोच्या ताब्यात आले. मठ वाढत राहिले, व्यापार बेताचाच राहिला. 1861-62 मध्ये मॉस्को–निझ्नी नोव्गोरद लोहमार्ग झाला तो व्लादिमिरवरून. सुझदलला आजही रेल्वे नाही. कारखाने आले नाहीत, गाव बुटके आणि शांत राहिले. वस्ती आज दहा हजारांच्याही आत आहे. या शांततेचे श्रेय हल्ली नियोजनाला दिले जाते. खरे तर शंभर वर्षे गावाकडे कोणी फिरकलेच नाही, हे त्याचे मोठे कारण.

विसाव्या शतकात परदेशी माणसे इथे राहिली ती आधी कैदी म्हणून. स्पास-येवफिमियेव मठात 1766 पासून तुरुंग होताच. 1943 मध्ये स्टालिनग्राडला शरण आलेला जर्मन फील्ड मार्शल आणि त्याचे सेनापती याच मठात ठेवले गेले. मठाच्या आवारात आज जे प्रदर्शन पाहायला मिळते त्यात हा भागही आहे. पर्यटक म्हणून परदेशी माणूस गावात रात्र काढू लागला तो पुढच्या पिढीत.

1958 मध्ये व्लादिमिर-सुझदल संग्रहालय-क्षेत्र स्थापन झाले. 1960 मध्ये ग्लोतोवो गावातले 1766 सालचे लाकडी चर्च उचलून सुझदलच्या क्रेमलिनमध्ये, म्हणजे गावातल्या जुन्या किल्ल्यात, आणून बसवले. पाठोपाठ इतर खेड्यांतल्या लाकडी वास्तू आल्या आणि नदीपलीकडे लाकडी बांधकामाचे संग्रहालय उभे राहिले. 1967 मध्ये सरकारने सुझदल हे पर्यटनकेंद्र करायचे ठरवले. त्याच वर्षी एका वर्तमानपत्रातल्या लेखमालेतून मॉस्कोच्या ईशान्येकडील जुन्या शहरांच्या साखळीला ‘सुवर्ण वलय’ हे नाव मिळाले आणि सरकारी सहलींना आयती चौकट मिळाली. 1977 मध्ये कामेंका नदीच्या काठी, मध्यवस्ती सोडून, मोठे पर्यटन संकुल उभे राहिले. पोक्रोव्स्की मठाच्या आवारातही परदेशी पाहुण्यांसाठी लाकडी ओंडक्यांच्या खोल्या होत्या. 1364 च्या या मठात एकेकाळी राजघराण्याला नकोशा झालेल्या बायका आणून ठेवत.

या काळात नोंदणीचा प्रश्नच नव्हता, कारण निवड नव्हती. परदेशी प्रवाशाच्या व्हिसावर शहरांची नावे छापलेली असत. ज्या शहराचे नाव नाही तिथे जायचे नाही, आणि ज्याचे आहे तिथेही सरकारी पर्यटन संस्थेने दिलेल्या खोलीतच राहायचे. खोलीचे पैसे आधीच भरलेले, पासपोर्ट हॉटेलच्या कार्यालयात जमा, जाताना परत. गावातल्या एखाद्या आजींच्या घरी चहा प्यायला हरकत नसे, पण तिथे रात्र काढणे म्हणजे त्या आजींना अडचणीत आणणे.

1991 नंतर शहरांची यादी गेली, सरकारी खोलीची सक्ती गेली, आणि नोंदणीचा खरा गोंधळ सुरू झाला. सुझदलमध्ये घराचा एक भाग भाड्याने देणारे, मागच्या अंगणात पाहुण्यांसाठी खोली बांधणारे झपाट्याने वाढले. नियम मात्र जुन्या वळणाचेच होते : आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत पोलिसांच्या परदेशी-नोंद कक्षात जाऊन शिक्का घ्यायचा. ठरावीक वारी, ठरावीक तास उघडणाऱ्या कार्यालयासाठी दोन दिवसांच्या सहलीतला एक दिवस कोण घालवणार? म्हणून शिक्का विकणाऱ्या संस्था निघाल्या. व्हिसाचे आमंत्रण देणारीच मॉस्कोतली कंपनी थोडे पैसे घेऊन स्वतःच्या कार्यालयाच्या पत्त्यावर प्रवाशाची नोंद करून देई. माणूस सुझदलमध्ये, कागदावर मात्र मॉस्कोतल्या एखाद्या कचेरीत. सगळ्यांना हे माहीत होते आणि वर्षानुवर्षे ते खपून गेले.

2007 च्या जानेवारीत नवा स्थलांतर-नोंद कायदा लागू झाला. त्यातला मोठा फरक म्हणजे जबाबदारी प्रवाशाकडून यजमानाकडे गेली. प्रवाशाने परवानगी मागायची नाही. ज्याच्या छपराखाली तो राहतो त्याने फक्त कळवायचे. ते टपाल कचेरीतूनही करता येऊ लागले. 2011 मध्ये मुदत तीनऐवजी सात कामाचे दिवस झाली. छोट्या गावांतल्या सहलीसाठी इतका सोयीचा बदल त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही. एका ठिकाणी सात कामाच्या दिवसांपेक्षा कमी राहणाऱ्याची खासगी घरात नोंद करण्याची गरजच उरली नाही. हॉटेलला ही सवलत नाही. हॉटेलने पाहुणा आल्यापासून एका कामाच्या दिवसात कळवायचे असते, मुक्काम एका रात्रीचा असला तरी.

मग 2013 च्या अखेरीस ‘खोटी नोंद’ हा फौजदारी गुन्हा झाला. जागा खरोखर राहायला देण्याचा हेतू नसताना त्या पत्त्यावर परदेशी माणसाची नोंद करणे म्हणजे खोटी नोंद. लक्ष्य होते एकाच सदनिकेत शेकडो कामगारांची नावे लावणारे दलाल. पर्यटकांना आमंत्रण देणाऱ्या कंपन्या तरीही निर्धास्त राहिल्या, कारण ‘राहण्याचे ठिकाण’ या शब्दांत संस्थेचा पत्ताही बसवता येत होता. 2016 मध्ये स्वतंत्र स्थलांतर खाते बंद होऊन हे सगळे काम गृहखात्याकडे गेले.

वाद झाला तो 2018 च्या दुरुस्तीवर. ती 8 जुलै 2018 पासून, म्हणजे विश्वचषक फुटबॉल स्पर्धा चालू असतानाच, अमलात आली. राहण्याचे ठिकाण म्हणजे परदेशी व्यक्ती प्रत्यक्ष जिथे राहते, ‘झोप आणि विश्रांतीसाठी नियमित वापरते’ ती जागा, अशी व्याख्या कायद्यात आली. संस्थेच्या पत्त्यावर नोंद करायची तर माणूस खरोखर त्या संस्थेच्या जागेत राहत असला पाहिजे. मॉस्कोतल्या कचेरीच्या पत्त्याचा जुना मार्ग इथे संपला.

समर्थकांचे म्हणणे साधे होते : राज्याला माणूस कुठे आहे हे कळायचे असेल तर तो झोपतो तो पत्ता हवा. म्हणणे रास्त आहे. पण ओझे कोणावर पडले ते पाहावे. मोठ्या हॉटेलांना काहीच फरक पडला नाही. स्वागतकक्षातला संगणक पासपोर्ट स्कॅन करून नोंद परस्पर पाठवतो. मॉस्को आणि पीटर्सबर्गमध्ये परदेशी भाडेकरू घेणाऱ्या घरमालकांना सवय होती. अडकले ते सुझदलसारख्या गावातले दोन-तीन खोल्यांचे यजमान. त्यांच्याकडे परदेशी पाहुणा वर्षातून एखाद-दुसरा येणार, आणि त्याच्यासाठी फॉर्म भरणे, रांग लावणे, चूक झाली तर दंड. ‘परदेशी घेत नाही’ हे उत्तर सोपे. कायदा त्यांना परदेशी पाहुणा नाकारायला सांगत नाही, पण परिणाम तोच होतो.

यात एक जुनी भीतीही मिसळलेली असते. रशियन बोलीत ‘रेगिस्त्रात्सिया’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात : नागरिकाचा कायमचा पत्ता, नागरिकाची तात्पुरती वास्तव्य-नोंद, आणि परदेशी माणसाची ही मुक्काम-नोंद. पहिलीचे मूळ 1932 च्या सोव्हिएत पत्ता-पद्धतीत आहे. ती एकदा लागली की माणसाला घराबाहेर काढणे कठीण, ही समजूत जुन्या पिढीत पक्की आहे. त्यामुळे पाहुणा ‘माझी रेगिस्त्रात्सिया कराल का?’ असे विचारतो तेव्हा घरमालकाला वाटते की हा घरावर हक्क मागतोय. मुक्काम-नोंदीने घरावर कसलाही हक्क येत नाही. म्हणून विचारताना ‘मिग्रात्सिओन्नी उच्योत’, म्हणजे स्थलांतर-नोंद, हेच शब्द वापरावेत. नाही म्हणणारे निम्मे लोक इथे सैल होतात.

यजमान तयार असेल तर काम असे चालते. त्याने आगमन-सूचनेचा फॉर्म भरायचा. सोबत पाहुण्याच्या पासपोर्टाच्या, व्हिसाच्या आणि सीमेवर मिळालेल्या स्थलांतर-पत्राच्या प्रती, शिवाय स्वतःचा पासपोर्ट आणि घराचे कागद. हे सगळे नागरी सेवा केंद्रात, पोलिसांच्या स्थलांतर कक्षात किंवा टपाल कचेरीत द्यायचे. फॉर्मचा खालचा फाडायचा भाग शिक्का मारून परत मिळतो, तोच पाहुण्याकडे राहतो. फॉर्म बहुतेक वेळा परत येतो तो नावामुळे : पासपोर्टावरचे रोमन अक्षरांतले नाव रशियन लिपीत व्हिसावर एका तऱ्हेने आणि फॉर्मवर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते. व्हिसावर जसे आहे तसेच अक्षर न् अक्षर उतरवावे, उच्चार चुकीचा वाटला तरी.

दिवस मोजतानाही चुका होतात. मुदत कामाच्या दिवसांची आहे. शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्या धरत नाहीत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जवळपास सगळा देश बंद असतो, तेव्हा मुदत आपोआप लांबते, पण कार्यालयेही तितकेच दिवस बंद असतात. मोजणी सीमा ओलांडल्यापासून नव्हे, त्या ठिकाणी आल्यापासून होते. म्हणून गाव बदलल्याचा पुरावा, म्हणजे रेल्वेचे आणि बसचे तिकीट, जपून ठेवावे. आल्याचा दिवसही मोजलेला बरा.

आणखी एक अडचण तज्ज्ञ सोडून कोणाच्या लक्षात येत नाही. मॉस्कोत मित्राच्या घरी नोंद करून कोणी दोन रात्री सुझदलच्या हॉटेलात राहिला, तर हॉटेलची नोंद होताच मॉस्कोची नोंद गळून पडते. परत आल्यावर ती आपोआप सुरू होत नाही. मित्राने पुन्हा फॉर्म द्यावा लागतो, मुदतही नव्याने सुरू होते. हॉटेलातून निघताना नोंदीची प्रत मागून घ्यावी. मागितल्याशिवाय ती बहुधा देत नाहीत.

2019 च्या ऑक्टोबरपासून सामायिक इमारतींमधल्या निवासी सदनिकांत हॉस्टेल चालवायला बंदी आली. स्वतंत्र लाकडी घरांतली पाहुणाघरे कायद्याने हॉटेल धरायची की खासगी घर, हे मात्र त्याने स्पष्ट झाले नाही, आणि सुझदलमध्ये बहुतेक पाहुणाघरे तशीच आहेत.

2022 च्या मार्चपासून परदेशात काढलेली बहुतेक आंतरराष्ट्रीय कार्डे रशियात चालत नाहीत, खोली आरक्षित करणारी मोठी परदेशी संकेतस्थळेही तिथून निघून गेली. रशियन संकेतस्थळे बहुधा रशियन कार्ड मागतात. म्हणून हॉटेलला थेट ईमेल करून, पोहोचल्यावर रोख देण्याचे ठरवणे हाच व्यवहार्य मार्ग उरला, आणि त्याच ईमेलमध्ये ‘परदेशी पाहुण्याची नोंद करता ना?’ हेही विचारून घेता येते. भारतीयांसाठी एक सोय जुनीच आहे : इतर देशांना जाताना नोटांच्या स्वरूपात नेण्याच्या परकी चलनावर असलेली 3,000 डॉलरची मर्यादा रशियाला जाणाऱ्यांना लागू नाही. मात्र 10,000 डॉलरच्या वर रक्कम असेल तर रशियात शिरताना जाहीर करावी लागते. नोटा नव्या, न दुमडलेल्या न्याव्यात आणि मॉस्कोत किंवा व्लादिमिरमध्येच बँकेत बदलून घ्याव्यात. सुझदलचे बसस्थानक मध्यवस्तीपासून दीड-दोन किलोमीटर दूर आहे. तिथे उतरून रूबल शोधायची वेळ येऊ देऊ नये.

1 ऑगस्ट 2023 पासून भारतासह 55 देशांच्या नागरिकांना ई-व्हिसा मिळू लागला. आमंत्रणपत्र देणाऱ्या कंपनीची गरज संपली, आणि तिच्या पत्त्यावरच्या जुन्या नोंदींची आठवणही. हा व्हिसा पासपोर्टात चिकटवलेला नसतो, म्हणून त्याच्या दोन छापील प्रती जवळ ठेवाव्यात. छोट्या हॉटेलात फोनवरचा व्हिसा पाहून कर्मचारी बिचकतात. राहण्याची मुदत आधी 16 दिवस होती, तीही कॅलेंडरच्या दिवसांत : रात्री पावणेबाराला विमानतळावर शिक्का बसला तरी तो दिवस पूर्ण धरला जातो. सोळा दिवसांत मॉस्को, व्लादिमिर, सुझदल आणि आणखी एखादे शहर करणारा माणूस कुठल्याही एका खासगी घरात सात कामाचे दिवस पुरे करतच नव्हता. त्यामुळे 2018 च्या दुरुस्तीची झळ ई-व्हिसावाल्यांना फारशी लागली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये मुदत 30 दिवसांची झाली. आता एखाद्या गावात दोन-तीन आठवडे घर घेऊन राहणे शक्य आहे, आणि तसे राहणाऱ्याला फॉर्म भरून द्यायला तयार असलेला यजमान आधीच शोधावा लागेल.