पार्श्वभूमी: ‘गोड बंद’ ते भाकरीचं वजन
खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांत मुलाला टाइप वन मधुमेह (यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवत नाही) निघाला की पहिला हुकूम सुटतो: गोड बंद. हा सल्ला इन्सुलिनहूनही जुना. तेव्हा जवळजवळ उपाशी ठेवण्यापलीकडे हाती काही नव्हतं. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांच्या उपासमारीच्या आहारावर मुलं सापळा होऊन थोडा काळ तगत, इतकंच. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं. पहिला अर्क अशुद्ध निघाला; जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या अर्काने मात्र रक्तातली साखर उतरली.

जेवण तरीही मोकळं झालं नाही. १९४६ मधलं एनपीएच हे दुधाळ दिसणारं इन्सुलिन टोचल्यावर साधारण चार ते आठ तासांनी जोर धरतं. सकाळी आठला दिलं तर भर बरोबर शाळेतल्या बिसी ऊटच्या (दुपारच्या गरम जेवणाच्या) वेळेला. भात वाढायला उशीर झाला की शुगर घसरलीच. घड्याळ लावून खाणं ही औषधाची गरज होती, मुलाची नव्हे. १९९३ मध्ये डीसीसीटी या टाइप वनच्या रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की शुगर आटोक्यात राहिली तर डोळे, मूत्रपिंडं जपली जातात. १९९६ मध्ये झटपट लागू पडणारं लिस्प्रो इन्सुलिन आलं, मागून दिवसभर पुरणारं ग्लार्जिन. मग हिशेब उलटला: ताट आधी मोजायचं, इन्सुलिनचे युनिट नंतर ठरवायचे.

इथे चुकतं ते भाकरीत. ५० ग्रॅम जोंधळ्याच्या पिठाच्या भाकरीत सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदकं (पचल्यावर यांचीच साखर होते) असतात, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात २८. चहातली एक चमचा साखर तोडून दोन भाकऱ्या न मोजता वाढल्या, तर ५ ग्रॅम वाचवून ७० ग्रॅम बेहिशेबी गेले.

सिरिंजचा घोळ त्याहून वाईट. दर मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, १०० युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी टोपीची. ४० च्या बाटलीतलं इन्सुलिन नारिंगी टोपीच्या सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत भरलं तर ४ युनिटच जातात. इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने ओढलं तर अडीचपट जातं, म्हणजे थेट जिवाशी खेळ.

शुगर ७० (मिग्रॅ/डेसीलिटर) च्या खाली गेली की हाताशी असतो म्हणून कुंदा किंवा करदंट ही इकडची मिठाई भरवतात. त्यातला खवा, तूप, सुकामेवा साखर लवकर रक्तात उतरू देत नाहीत. साखरपाणीच द्यावं: वजनाच्या दर किलोला ०.३ ग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ९ ग्रॅम, साधारण दोन चहाचे चमचे. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. मूल शुद्धीत नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. घरात ग्लुकॅगॉन (शुगर वाढवणारं इंजेक्शन) असेल तर ते टोचावं आणि तडक दवाखाना गाठावा.