हार्बर की ट्रान्स-हार्बर? नवी मुंबईत घर शोधण्याआधी गाडी ठरवा

नवी मुंबईत घर शोधायला निघालेला माणूस आधी भाडं विचारतो, मग स्टेशन किती लांब ते विचारतो. दलालानं 'चालत सात मिनिटं' म्हटलं की त्याचं समाधान होतं. त्या स्टेशनावर गाडी कोणती येते, हे विचारायचं राहूनच जातं. ऑफिस फोर्टला आणि घर घणसोलीला, तेही स्टेशनसमोर, असे लोक ओळखीत आहेत. सात मिनिटांत ते स्टेशनवर पोहोचतात खरे, पण पुढे ठाण्याला उतरून, जिना चढून, पुन्हा दुसऱ्या गाडीच्या गर्दीत शिरतात.

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही लाइन मध्य रेल्वेच्याच, डबे सारखेच, आणि इंडिकेटरवर दोन्हीकडे 'पनवेल' किंवा 'वाशी' झळकतं. पण हार्बर ही मुंबईची लाइन आहे आणि ट्रान्स-हार्बर ही ठाण्याची. हार्बर १९९२ साली मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला आली, पुढच्या वर्षी बेलापूरला आणि १९९८ मध्ये पनवेलला पोहोचली. पनवेल, खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स, नेरूळ, जुईनगर, सानपाडा, वाशी आणि मग मानखुर्द, गोवंडी, चेंबूर, कुर्ला, वडाळा करत ती सीएसएमटीला जाते. ट्रान्स-हार्बर २००४ मध्ये सुरू झाली. ती ठाण्याहून निघते आणि दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत तुर्भ्याला येते. मुंबईत ती जातच नाही.

आता ऑफिसवरून बघा. फोर्ट, मशीद बंदर, वडाळा, कुर्ला, चेंबूर, किंवा कुर्ल्याला उतरून बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल असेल, तर हार्बरशिवाय दुसरा विचार करू नका. मात्र हार्बरला फास्ट गाडी नाही, हे मनाशी धरून चला. वाशी ते सीएसएमटीला पाऊण तासाहून जास्त लागतो, पनवेलहून सव्वा तासाच्या वर. शिवाय हार्बर दादरला जात नाही. दादर किंवा परळला नोकरी असेल तर कुर्ल्याला उतरून मेन लाइन पकडायची, आणि सकाळी नऊच्या सुमारास कुर्ल्याचा पूल काय चीज आहे ते एकदा जाऊन पाहावं.

हार्बरचा आणखी एक बारकावा घर घेताना कोणी सांगत नाही. सगळ्या गाड्या पनवेलपर्यंत जात नाहीत. सीएसएमटीहून सुटणाऱ्या काही वडाळ्यावरून वांद्रे–गोरेगावकडे वळतात, काही वाशीलाच संपतात, काही बेलापूरला. म्हणजे संध्याकाळी खारघरच्या माणसाला 'वाशी' आणि 'बेलापूर' लिहिलेल्या गाड्या डोळ्यांदेखत सोडाव्या लागतात, तर वाशीकराला नवी मुंबईची कुठलीही गाडी चालते. सकाळी हेच उलट्या बाजूनं. पनवेलहून येणारी गाडी वाशीला भरलेली असते, पण वाशीहूनच सुटणारी लोकल मिळाली तर बसायला जागा मिळू शकते. वाशीचं भाडं जास्त का, याचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं.

ट्रान्स-हार्बरचा स्वभाव निराळा. ऐरोलीचं माइंडस्पेस हे आयटी पार्क, घणसोलीचं रिलायन्स कॉर्पोरेट पार्क, महापे आणि रबाळेची एमआयडीसी, हे सगळं तिच्या काठावर आहे. कल्याण, डोंबिवली, ठाण्याची माणसं सकाळी ठाण्याला उतरून फलाट ९–१० वर धावतात आणि नवी मुंबईकडे येतात. त्यामुळे सकाळची मोठी गर्दी ठाण्याकडून ऐरोलीकडे असते. जो नेरूळहून ऐरोलीला कामाला जातो तो या लोंढ्याच्या उलट जातो. उभं राहायला जागा, पंख्याची हवा आणि अधूनमधून खिडकीही! मुंबईच्या लोकलमध्ये याहून मोठी चैन नाही.

ऐरोली किंवा रबाळ्यात राहून मुंबईत जाणारेही आहेत आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. ऐरोलीहून ठाणं दोनच स्टेशनांवर. तिथून फास्ट लोकलनं घाटकोपर, कुर्ला, दादर गाठता येतं. अंधेरीला जायचं असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो. दादरपुरतं बोलायचं तर ऐरोलीकर आणि वाशीकर दोघांनाही एकेकदा गाडी बदलावीच लागते. अडचण ठाणे स्टेशनची आहे. ट्रान्स-हार्बरचे फलाट कोपरीच्या, म्हणजे पूर्वेच्या अंगाला आहेत आणि फास्ट गाड्या मधल्या फलाटांवर. २०२४ च्या उन्हाळ्यात ६३ तासांचा ब्लॉक घेऊन फलाट ५ रुंद केला, त्यानं थोडा श्वास मिळाला. तरी सकाळी मागून भरून आलेल्या फास्ट लोकलमध्ये ठाण्याला चढणं हे कसबाचं काम आहे, आणि लेडीज डब्यात तर जास्तच. ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीची वेळ पाठ करून ठेवणारी माणसं शहाणी.

पवई किंवा मुलुंडला ऑफिस असेल तर मात्र ऐरोलीत राहा आणि रेल्वेचा विचारच सोडा. ऐरोली पूल ओलांडला की पूर्व द्रुतगती महामार्ग, पुढे पवई. ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना तिथला टोलही माफ आहे.

खरी गंमत तुर्भ्यानंतर आहे. ट्रान्स-हार्बर इथे पायजम्याच्या दोन पायांसारखी फुटते. एक फाटा सानपाड्यावरून वाशीला जातो, दुसरा जुईनगरवरून नेरूळ आणि पुढे पनवेलला. ठाण्याला 'पनवेल' गाडीत बसलात तर सानपाडा आणि वाशी लागणार नाही. 'वाशी' गाडीत बसलात तर जुईनगर आणि नेरूळ लागणार नाही. सानपाडा आणि जुईनगर हार्बरवर शेजारी-शेजारी आहेत, पण ठाण्याकडून बघाल तर दोन वेगळ्या फाट्यांवर. नवीन माणूस हमखास इथे चकतो. जुनी माणसं ठाण्याला जी गाडी आधी येईल ती पकडतात आणि चुकीच्या फाट्याची असेल तर तुर्भ्याला उतरून मागची धरतात.

याचा घराशी थेट संबंध आहे. नवरा बीकेसीत आणि बायको ऐरोलीत, किंवा उलटं, अशी जोडपी नवी मुंबईत पुष्कळ. अशांनी घणसोली किंवा ऐरोलीत घर घेतलं तर एकाची चांदी आणि दुसऱ्याची रोजची दगदग. त्यांनी वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ या पट्ट्यात बघावं, कारण इथे दोन्ही लाइन येतात. यातही माझं मत नेरूळच्या बाजूनं. वाशीहून ठाण्याकडे फक्त वाशी फाट्याच्या गाड्या, तर नेरूळला नेरूळहून सुटणाऱ्या आणि पनवेलहून येणाऱ्या अशा दोन्ही मिळतात. मुंबईच्या गाड्यांच्या बाबतीत मात्र वाशी वरचढ, त्यामुळे बीकेसीवाल्याची पाळी रात्रीची असेल तर निर्णय फिरू शकतो. खारघर-पनवेललाही ठाण्याच्या गाड्या जातात, पण तिथून ऐरोली बरीच लांब पडते.

स्टेशनचं नाव आणि घराचा पत्ता एकच असला म्हणून फसू नका. वाशी स्टेशन सायन–पनवेल महामार्गाच्या एका बाजूला आणि वाशीची जुनी वस्ती दुसऱ्या बाजूला. सेक्टर २८–२९ चा पत्ता 'वाशी' असला तरी स्टेशनला रिक्षा किंवा एनएमएमटीची बस लागतेच, आणि खरं तर कोपरखैरणे तिथून हाकेच्या अंतरावर. कोपरखैरण्यात याच्या उलट: कागदोपत्री ट्रान्स-हार्बरचं गाव, पण वाशीच्या बाजूला राहणारे कित्येक जण बसनं वाशी गाठून हार्बर पकडतात. अशा कडेच्या सेक्टरांत भाडं कमी आणि दोन्ही लाइन आवाक्यात, हा सौदा मला वाईट वाटत नाही. सेक्टरचा आकडा एकट्यानं सांगू नका, हेही लक्षात असू द्या. सेक्टर १५ वाशीतही आहे आणि बेलापूरलाही.

खारघरमध्ये तिशीच्या पुढच्या सेक्टरांत स्वस्त घर दिसलं की लोक आधी खारघर स्टेशनचं अंतर मोजतात आणि नाक मुरडतात. पण नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो चालू आहे, ११ स्टेशनांची. सेंट्रल पार्क किंवा पेठपाडा स्टेशन जवळ असेल तर थेट बेलापूर गाठता येतं, आणि बेलापूरहून काही लोकल सुटतात. खारघर स्टेशनला जाऊन भरलेल्या गाडीत लोंबकळण्यापेक्षा हे बरं.

उलव्याचं काय, असं विचारलं जाईलच. तिथली बामणडोंगरी आणि खारकोपर ही स्टेशनं या दोन्हींपैकी एकाही लाइनवर नाहीत. ती नेरूळ आणि बेलापूरहून निघणाऱ्या उरणच्या लाइनवर आहेत, आणि त्या गाड्या मोजक्याच. वेळापत्रक हातात घेऊन ऑफिसची वेळ जुळते का ते बघा. अटल सेतूनं स्वतःच्या गाडीनं शिवडीकडे जाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

शेवटी पास. ऐरोली ते दादर असा पास ठाण्यावरूनही निघतो आणि वाशीवरूनही, कारण वाशीमार्गे जाऊन कुर्ल्याला बदलणं शक्य आहे. खिडकीवर 'व्हाया' स्पष्ट सांगा आणि हातात आलेल्या पासवर ते वाचून घ्या. एका रस्त्याचा पास घेऊन दुसऱ्या रस्त्यानं गेलात आणि टीसीनं धरलं, तर 'मेगाब्लॉक होता' हे कारण तो ऐकेलच असं नाही.