पेन्शन ट्रान्सफर स्कॅम (ब्रिटन)

ब्रिटनमध्ये नोकरी करताना साठलेली पेन्शन दुसऱ्या स्कीममध्ये हलवायला लावायची आणि मग ते पैसे धोक्याच्या किंवा सरळ बोगस गुंतवणुकीत घालायचे, या प्रकाराला पेन्शन ट्रान्सफर स्कॅम म्हणतात. आपल्याकडे पेन्शन म्हटलं की रिटायर झालेल्या माणसाला दर महिन्याला येणारी रक्कम डोळ्यासमोर येते, तिकडे मात्र खूप जणांची पेन्शन म्हणजे स्वतःच्या नावावरची पुंजी असते, तिला पॉट म्हणतात, नोकऱ्या बदलल्या की असे तीन-चार पॉट सहज तयार होतात, आणि पॉट एका स्कीममधून दुसरीत नेण्याचा कायदेशीर हक्क असतो. हक्क चांगलाच आहे, पण फसवणारा नेमका याच दारातून आत शिरतो, कारण पैसे एकदा जुन्या स्कीममधून बाहेर पडले की परत आणणं फार अवघड होऊन बसतं. नियामकांच्याच आकड्यांप्रमाणे 2017 मध्ये फसलेल्या माणसाचे सरासरी 91,000 पाउंड गेले. ही रक्कम कुणाचा वीस-बावीस वर्षांचा घाम असू शकतो.

सुरुवात बहुतेक वेळा फोनने होते. समोरचा गोड बोलतो, "तुमच्या पेन्शनचा फ्री रिव्ह्यू करून देतो" म्हणतो, कधी सरकारी योजनेचं नाव घेतो, आणि तुमचे जुने पॉट नुसते पडून आहेत असं मनात भरवतो. हे एकच लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं की 9 जानेवारी 2019 पासून ब्रिटनमध्ये पेन्शनबद्दल असे न मागता फोन करण्यावर बंदी आहे, तुमची आधीपासून ओळख असलेली अधिकृत कंपनी वगैरे थोडेच अपवाद सोडले तर असा फोन करणाराच कायदा मोडत असतो. खरी फ्री सेवा सरकारची आहे, पेन्शन वाइज, 50 च्या पुढच्या लोकांसाठी, आणि तिथली अपॉइंटमेंट आपण स्वतः घ्यायची असते, ते आपल्याला शोधत येत नाहीत. फोननंतर कागद येतात, आणि कागदांबरोबर घाई येते. कुरियरवाला दारात उभा, पाकीट उघडलेलं, वीसेक पानं, जिथे सही करायची तिथे पिवळ्या चिकटपट्ट्या लावलेल्या, आणि "तुम्ही सही करा, मी थांबतो". माणूस दारात ताटकळतोय म्हणून आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं आणि पेन हातात घेतला जातो. अशा वेळी त्याला परत पाठवण्यात काहीही उद्धटपणा नाही.

सगळ्यात जुना आणि सगळ्यात क्रूर प्रकार म्हणजे वयाच्या 55 च्या आधीच पेन्शन काढून देतो असं सांगणं (6 एप्रिल 2028 पासून ही वयाची अट 57 होतेय). याला पेन्शन लिबरेशन म्हणायचे. 2010-11 मध्ये आर्क नावाच्या स्कीम्समध्ये एका सभासदाच्या पैशातून दुसऱ्याला कर्ज अशी साखळी लावली होती, शेवटी तिथे स्वतंत्र ट्रस्टी, म्हणजे सभासदांच्या वतीने स्कीम सांभाळणारे, नेमावे लागले आणि 2011 च्या डिसेंबरमध्ये हायकोर्टाने ती कर्जं नियमबाह्य ठरवली. गंभीर आजारपण वगैरे सोडलं तर 55 च्या आधी हातात आलेली रक्कम अनधिकृत धरली जाते आणि त्यावर 40 टक्के टॅक्स, शिवाय रक्कम मोठी असेल तर आणखी 15 टक्के, म्हणजे 55 टक्के. हिशोब करून बघा, समजा 40,000 पाउंडचा पॉट होता, दलालाने 10,000 फी म्हणून कापले, हातात आले 30,000, आणि टॅक्सची नोटीस आली पूर्ण 40,000 वर, 22,000 ची. उरले 8,000. घराचा हप्ता थकला, मुलीचं लग्न आलं म्हणून पैसे काढलेल्या माणसासाठी ही नोटीस म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

एप्रिल 2015 मध्ये नियम सैल झाले, 55 नंतर पॉटमधून हवे तसे पैसे काढायची मुभा मिळाली आणि मग फसवणुकीने रूप बदललं. आता लवकर पैसे नाही, जास्त परतावा. परदेशातले हॉटेलचे प्लॉट, झाडांची लागवड, कार पार्किंगच्या जागा, सामान ठेवायची छोटी गोदामं. गोदामांच्या धंद्यातली स्टोअर फर्स्ट ही कंपनी 2019 मध्ये कोर्टाच्या हुकुमाने बंद झाली, तिच्यात कितीतरी लोकांचे पेन्शनचे पैसे घातलेले होते. अशा गुंतवणुकीत वस्तू खरी असू शकते, फोटोत दिसते, जाऊन हात लावून बघता येते, आणि म्हणूनच विश्वास बसतो. प्रश्न विचारायचा तो वस्तूबद्दल नाही, ती विकायची ठरली तर घेणार कोण, आणि "खात्रीचे 8 टक्के" ही खात्री नक्की कोण देतोय, याबद्दल.

इथे एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. जुन्या स्कीमच्या ट्रस्टींना संशय आला तरी ते ट्रान्सफर अडवू शकत नव्हते, कारण हक्क सभासदाचा. 2016 मध्ये अशाच एका केसमध्ये हायकोर्टाने निकाल जुनी स्कीम चालवणाऱ्या विमा कंपनीच्या विरोधात आणि सभासदाच्या बाजूने दिला. 30 नोव्हेंबर 2021 पासून चित्र बदललं, आता लाल आणि अंबर (सिग्नलमधला पिवळा) अशा दोन खुणा आहेत. न मागता आलेला फोन, सही केली तर रोख बक्षीस, घाई, परवाना नसलेल्याचा सल्ला, यातलं काही दिसलं तर लाल, ट्रान्सफर थांबते. परदेशी किंवा अनियंत्रित गुंतवणूक, न कळणारी फी असेल तर अंबर, म्हणजे आधी मनीहेल्पर या सरकारी मार्गदर्शन सेवेकडे फ्री अपॉइंटमेंट घ्यावीच लागते. दलाल आधीच पढवून ठेवतात की जुनी कंपनी प्रश्न विचारेल, उशीर लावेल, त्यांना तुमचे पैसे सोडायचे नाहीत. हे पढवणं हीच मोठी खूण आहे.

सगळाच धोका भामट्यांकडून येतो असंही नाही. वेल्समधल्या पोर्ट टॅलबटचा पोलादाचा कारखाना टाटा स्टीलचा, 2017 मध्ये तिथली ब्रिटिश स्टील पेन्शन स्कीम बदलणार होती, कामगार धास्तावलेले, मुदत थोडी, आणि अशा वेळी साधारण 8,000 लोकांनी आयुष्यभर मिळणारी ठरावीक पेन्शन सोडून एकरकमी पैसे बाहेर काढले, एकूण 2.8 अब्ज पाउंड. सल्ला देणारे परवानाधारक होते. तरीही एफसीए या नियामकाने तपासलं तेव्हा 46 टक्के केसेसमध्ये सल्ला चुकीचा निघाला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये ही आपली म्हण तिथे शब्दशः लागू पडली. ठरावीक पेन्शनची किंमत 30,000 पाउंडच्या वर असेल तर सल्ला घेणं कायद्याने सक्तीचं आहे, पण ट्रान्सफर झाली तरच फी अशी पद्धत होती, म्हणजे "नको करू" म्हणणाऱ्याला पैसेच नाहीत, ही पद्धत ऑक्टोबर 2020 मध्ये बंद केली गेली.

मराठी माणसाचा संबंध इथे थेट येतो. एनएचएस या तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेतले डॉक्टर, नर्सेस, आयटीत काही वर्षं काढून पुण्याला परतलेले, यांच्या मनात एकच प्रश्न असतो की तिकडचा पॉट इकडे आणता येईल का. एनएचएसची पेन्शन सरकारी तिजोरीतून चालते आणि अशा पेन्शन 2015 पासून पॉटवाल्या स्कीममध्ये हलवताच येत नाहीत, त्यामुळे ती काढून गुंतवून देतो म्हणणारा खोटंच बोलतोय. बाकीच्यांसाठी परदेशी स्कीमचा मार्ग आहे, अशा स्कीमला क्यूरॉप्स म्हणतात, एचएमआरसी हे ब्रिटनचं टॅक्स खातं त्या स्कीम्सची यादी महिन्यातून दोनदा, 1 आणि 15 तारखेला, अपडेट करतं. यादीत नाव असणं म्हणजे सरकारने हमी दिली असं नाही, एचएमआरसी स्वतःच ते लिहितं. स्कीम एका देशात आणि तुम्ही राहता दुसऱ्या, तर 25 टक्के चार्ज बसू शकतो. मुंबईत राहणाऱ्याला कुणी तिसऱ्याच देशातली स्कीम सुचवत असेल तर या 25 टक्क्यांबद्दल काय, हा पहिला प्रश्न.

तपासायचं कसं? सल्लागाराचं नाव एफसीएच्या रजिस्टरवर बघायचं, त्याला पेन्शन ट्रान्सफरची परवानगी आहे का ते बघायचं, आणि फोन त्याने दिलेल्या नंबरवर नाही तर रजिस्टरवरच्या नंबरवर करायचा, कारण भामटे खऱ्या कंपनीचं नाव, लोगो, रजिस्टर नंबर सगळं उचलून बसलेले असतात.

सही करून झाली असेल तर त्याच दिवशी जुन्या स्कीमला फोन करायचा, पैसे निघाले नसतील तर थांबवता येतात. निघून गेले असतील तर काही दिवसांनी आणखी एक फोन येतो, तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी थोडी फी भरा. बहुतेकदा ही त्याच टोळीची किंवा तिच्याकडून यादी विकत घेतलेल्यांची दुसरी फेरी असते. ऑम्बुड्समनकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, तक्रार करायला आणि एफएससीएस या बुडालेल्या परवानाधारक कंपन्यांच्या ग्राहकांसाठीच्या निधीकडे भरपाई मागायला एक पेनीही लागत नाही.