पंख नसलेल्या अग्निबाणाला पंख

प्रतिकृती-रॉकेटच्या साध्या संचात जाड कागदाची नळी, प्लास्टिकचे टोक, बाल्सा लाकडाचे तीन-चार पंख, प्लास्टिकची छत्री (पॅराशूट) आणि मोटर, म्हणजे दारू भरलेली कांडी, बसवण्याची आतली लहान नळी एवढेच साहित्य असते, आणि सूचनापत्राबरहुकूम जोडले तर ते रॉकेट सरळ वर जाते. खरी परीक्षा सुरू होते ती त्याच संचात फेरफार करून एखाद्या प्रत्यक्ष प्रक्षेपकाची मापबरहुकूम प्रतिकृती घडवायचे ठरवल्यावर. आपल्याकडे पहिली पसंती साहजिकच इस्रोच्या पीएसएलव्ही या उपग्रहवाहक रॉकेटला मिळते, आणि नेमकी तीच निवड अवघड ठरते, कारण खऱ्या पीएसएलव्हीला स्थैर्यासाठी पंखच नाहीत.

मापाचे गणित मात्र सोयीचे आहे. पीएसएलव्हीच्या एक्सएल आवृत्तीची उंची सुमारे ४४ मीटर, पहिल्या टप्प्याचा व्यास २.८ मीटर आणि उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे ३२० टन. शंभरास एक हे प्रमाण धरले तर २८ मिलिमीटर व्यासाची, ४४ सेंटिमीटर उंचीची प्रतिकृती होते. लांबी शंभरपट घटली की घनफळ दहा लाखपट घटते, म्हणून वजनही त्याच प्रमाणात उतरवायचे तर ते ३२० ग्रॅम भरायला हवे. प्रत्यक्षात आपली प्रतिकृती शंभर ग्रॅमच्या आतच राहते, कारण खरा प्रक्षेपक जवळजवळ पूर्ण इंधनाने भरलेला असतो आणि आपल्या नळीत बहुतांशी हवाच असते.

पंखांचा प्रश्न नीट समजून घेण्यासाठी दोन बिंदू ध्यानात ठेवावे लागतात. पहिला गुरुत्वमध्य, ज्याभोवती हवेतली वस्तू वळते. दुसरा दाबकेंद्र, जिथे वाऱ्याचा आडवा दाब एकवटला आहे असे मानता येते. दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर रॉकेट जरा तिरके होताच हवाच त्याची शेपटी ढकलून त्याला सरळ करते. बाणाला मागे पिसे लावतात ती याचसाठी. हे अंतर नळीच्या व्यासाच्या एक ते दोन पट असावे असा संकेत आहे. अमेरिकेतील नासामध्ये काम करणाऱ्या जेम्स बॅरोमन यांनी १९६०च्या दशकात दाबकेंद्र कागदावर काढण्याची सोपी सूत्रे मांडली, आणि आजही छंदप्रेमी तीच वापरतात. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा या हवेच्या मदतीवर विसंबत नाही. त्याच्या नोझलमध्ये, म्हणजे ज्वाळा बाहेर पडण्याच्या तोंडात, बाजूने स्ट्रॉन्शियम परक्लोरेटचे द्रावण सोडून ज्वाळेची दिशा किंचित वळवली जाते आणि त्यातून सुकाणूचे काम साधते. आपल्या बोटभर मोटरीत अशी काही सोय नसल्यामुळे पंख लावण्यावाचून गत्यंतर नाही. ते पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचे करणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे: दहा पावलांवरून ते दिसत नाहीत आणि हवेला मात्र लागतात. माझ्या मते अशा प्रतिकृतीतली ही एकमेव प्रामाणिक लबाडी होय.

आता फेरफाराची किंमत मोजू. समजा, मोटर बसवलेली मूळ रचना ८० ग्रॅमची आहे, तिचा गुरुत्वमध्य टोकापासून २६ सेंटिमीटरवर आणि दाबकेंद्र ३० सेंटिमीटरवर आहे. म्हणजे मधले अंतर ४ सेंटिमीटर, जवळजवळ दीड व्यास. पीएसएलव्हीच्या पायथ्याशी बाहेरून बिलगलेल्या सहा स्ट्रॅप-ऑन (जोडीच्या) मोटरी दाखवण्यासाठी १० मिलिमीटर व्यासाच्या सहा कागदी नळ्या लावल्या, आणि डिंक व रंगासह त्यांचे वजन ८ ग्रॅम होऊन ते टोकापासून ३७ सेंटिमीटरवर पडले, तर गुरुत्वमध्य मागे सरकून २७ सेंटिमीटरवर येतो. अंतर ३ सेंटिमीटर उरते आणि रॉकेट मर्यादेच्या काठावर उभे राहते. त्यात पीएसएलव्हीचे उष्णताकवच, म्हणजे टोकाला उपग्रह झाकणारे आवरण, ३.२ मीटर व्यासाचे, म्हणजे खालच्या अंगापेक्षा रुंद आहे, आणि टोकाकडचा असा फुगवटा दाबकेंद्राला थोडे पुढे ओढतो. याउलट टोकात, समजा चौथ्या सेंटिमीटरवर, तितकेच ८ ग्रॅम वजन टाकले तर गुरुत्वमध्य जवळजवळ २ सेंटिमीटर पुढे येतो. मागचे ८ ग्रॅम एक सेंटिमीटर हिरावून घेतात आणि पुढचे ८ ग्रॅम दोन सेंटिमीटर परत देतात, कारण पुढची तरफ दुपटीहून लांब आहे.

येथे बेळगावजवळच्या खानापूरच्या रानातली काटेसावर उपयोगी पडते. सावर आणि दक्षिण अमेरिकेतील बाल्सा हे एकाच कुळातले वृक्ष, पण सावरीचे लाकूड बाल्साच्या सुमारे दुप्पट जड असते. पंखांसाठी ते नकोच. टोकासाठी मात्र हा दोषच गुण ठरतो. उष्णताकवचाचा आकार सावरीच्या ठोकळ्यातून लेथवर उतरवून घेतला तर पोकळ प्लास्टिकच्या टोकापेक्षा हवे ते आठेक ग्रॅम आपसूक मिळतात, वर शाडूची गोळी कोंबावी लागत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत धातूच्या कामाला सरावलेल्या कारागिराला हे काम किरकोळ वाटेल, पण मापाचा कागद सोबत न्यावा.

हिशोब जुळला तरी दोरीची चाचणी चुकवू नये. १८ मिलिमीटर व्यासाच्या सी६ वर्गाच्या मोटरीचे वजन सुमारे २४ ग्रॅम असते. तेवढ्याच वजनाचा लाकडी तुकडा मोटरीच्या जागी बसवून गुरुत्वमध्यावर दोरी बांधावी आणि रॉकेट डोक्याभोवती फिरवावे. टोक पुढे धरून ते फिरले तर ठीक. आडवे झाले किंवा उलटले तर पंख मोठे करावेत. सी६-५ या नावातला सी एकूण आवेग (रेटा गुणिले वेळ) सांगतो, म्हणजे ५ ते १० न्यूटन-सेकंद. ६ हा सरासरी रेटा न्यूटनमध्ये आणि ५ हा छत्री फेकली जाण्याआधीचा विलंब सेकंदांत. या मोटरीसाठी उत्पादक साधारण ११३ ग्रॅमची कमाल मर्यादा देतात. आपली प्रतिकृती ९६ ग्रॅमवर पोचली आहे, तेव्हा पुट्टी आणि रंगाचे थर बेतानेच द्यावेत.

या मोटरीत काळी दारू असते आणि ती स्फोटकांच्या कायद्याखाली येते. त्यामुळे परवानाधारक मार्गानेच ती मिळवावी, आणि दिवाळीच्या बाणांतली दारू काढून घरी मोटर भरण्याचा विचारही करू नये. उड्डाणापूर्वी स्थानिक प्रशासनाला विचारावे. सांबऱ्याच्या विमानतळाच्या परिसरात तर जाऊच नये. सुगी झाल्यावर येळ्ळूरकडची मोकळी भातशेते पुरेशी रुंद असतात, परंतु वाळलेले पिंजार दूर करून, ज्वाळा अडवणारा पत्रा ठेवून आणि पाच मीटर लांब उभे राहूनच कळ दाबावी. दीडशे मीटरवरून ३० सेंटिमीटरच्या छत्रीने उतरायला अर्धा मिनिट लागतो. वारा सेकंदाला ४ मीटर असेल तर तेवढ्यात रॉकेट शंभराहून अधिक मीटर वाहत जाते. चिकोडी-निपाणीच्या पट्ट्यात उभ्या उसात शिरलेले रॉकेट तोडणीपर्यंत सापडत नाही, म्हणून तिकडच्यांनी छत्रीला मधोमध भोक पाडून ती थोडी वेगाने खाली आणलेली बरी. उतरताना पहिला दणका त्या सहा नळ्यांनाच बसतो. त्या मुद्दाम दोन थेंबांवर चिकटवाव्यात. तुटल्या तर सांध्यात तुटतात आणि मुख्य नळीचा कागद फाटत नाही.