रक्तपेढी किती मिनिटांवर?

नकाशावर दाभोळ आणि धोपावे अगदी समोरासमोर दिसतात. मध्ये वाशिष्ठीची खाडी. फेरीबोट चालू असेल तर काही मिनिटांत पलीकडे. बोट बंद झाली की चिपळूणकडून वळसा, म्हणजे तासांचा हिशेब. आरोग्याच्या अहवालात ‘रुग्णालय इतक्या किलोमीटरवर’ असं वाचलं की मला ही खाडी आठवते. रक्तस्राव सुरू झालेल्या बाळंतिणीसाठी अंतर मोजायचं ते मिनिटांतच.

मातामृत्यूंचे रंगीत नकाशे हल्ली बरेच पाहायला मिळतात. तालुका लाल म्हणजे वाईट, हिरवा म्हणजे चांगला, असं आपण सहज वाचतो आणि फसतो. २०१८-२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, देशात ९७. समजा, एखाद्या तालुक्यात वर्षाला दोन हजार बाळं जन्मतात. राज्याच्या दराने तिथे वर्षाला ०.६६ मृत्यू येतात. पण मृत्यू अपूर्णांकात होत नाहीत. एका वर्षी एकही झाला नाही तर दर शून्य. पुढच्या वर्षी एक झाला की दर ५०. दोन झाले की १००, म्हणजे देशाच्या सरासरीच्याही वर. तालुक्यात काहीही बदललेलं नसताना हिरवा रंग लाल होतो. शेजारच्या तालुक्यांची आणि मागच्या वर्षांची माहिती मिसळून हे हेलकावे कमी करण्याच्या पद्धती संख्याशास्त्रात आहेत, त्या वापरायलाच हव्यात. तरी माझं स्पष्ट मत असं आहे की कोकणासारख्या विरळ वस्तीच्या भागात आधी धोक्याचा नकाशा काढावा, मृत्यूंचा त्यानंतर. धोका दोन गोष्टींनी ठरतो: अंगात रक्त किती आहे आणि बाहेरचं रक्त मिळायला वेळ किती लागेल.

पहिली गोष्ट आधी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन १२ असेल तर १०० मिलिलिटर रक्तात १६ मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. गरोदरपणाच्या शेवटी हृदय मिनिटाला सुमारे ६ लिटर रक्त फिरवतं, त्यातून ९६० मिलिलिटर ऑक्सिजन अंगभर पोचतो. गरज असते ३०० च्या आसपास. हिमोग्लोबिन ६ असेल तर पुरवठा ४८० वर येतो. तरी भागतं. म्हणून तर ती बाई लावणीच्या चिखलात उभी असते आणि घरच्यांना काही वेगळं वाटत नाही. आता बाळंतपणात रक्त गेलं आणि हृदयाचा प्रवाह ४ लिटरवर उतरला असं धरू. पहिल्या बाईला अजून ६४० मिळतात. दुसरीला ३२०, म्हणजे थेट काठावर. हिशेब ढोबळ आहे, पण सारखंच रक्त गेलं तरी एक वाचते आणि एक जाते ती का, हे त्यातून कळतं.

प्रसूतीनंतरच्या मोठ्या रक्तस्रावात उपचार मिळाला नाही तर साधारण दोन तास हाती असतात, असं धरलं जातं. रक्तक्षय असेल तर तेवढेही मिळत नाहीत. पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबिया इथल्या दहा हजारांहून अधिक बाळंतिणींचा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र रक्तक्षय असलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचा किंवा मृत्यूच्या दारातून परत येण्याचा धोका मध्यम रक्तक्षयाच्या तुलनेत सुमारे सातपट आढळला.

चार पावलांवर धाप लागणं, छातीत धडधड, चेहरा पांढरा पडणं ही रक्त कमी असल्याची लक्षणं आहेत. ती बाहेरची बाधा नव्हे. गाऱ्हाणं घालायचं तर जरूर घाला, पण त्याच दिवशी उपकेंद्रात बोटाला सुई टोचून घ्या. लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं ही समजूतही सोडून द्यायला हवी. गोळीने शौचाला काळी होते, बाळाच्या रंगाशी तिचा काही संबंध नाही.

आता वेळेकडे येतो. लंडनच्या १८५४ च्या कॉलऱ्यात डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या खुणा नकाशावर मांडल्या, हे शाळेत अनेकांनी वाचलं असेल. त्याच नकाशाच्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी एक रेषाही काढली होती. त्या रेषेवरून साथीचं मूळ ठरलेला ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप आणि दुसरा जवळचा पंप यांचं चालत जाण्याचं अंतर सारखं भरत होतं. स्नो यांनी पट्टीने सरळ अंतर न मोजता गल्लीबोळांतून मोजलं.

आज तीच गोष्ट संगणकावर होते. जमीन ३० मीटरच्या चौकोनांत विभागतात. २००० साली एन्डेव्हर अंतराळयानाने रडारने मोजलेली उंची जवळपास सगळ्या जगासाठी मोफत मिळते, तिच्यावरून प्रत्येक चौकोनाचा चढउतार काढतात. मग प्रत्येक चौकोन ओलांडायला किती सेकंद लागतील ते ठरवायचं. ताशी ३० किलोमीटरने गाडी जाते अशा रस्त्यावर ३० मीटरला साडेतीन सेकंद. सपाट पायवाटेवर ताशी ५ किलोमीटरने २२ सेकंद. चढावर वेग कसा घटतो याचं सूत्र भूगोलज्ञ वॉल्डो टोबलर यांनी १९९३ मध्ये मांडलं: उताराची किंमत घातांकात बसते, म्हणून चढ थोडा वाढला तरी वेग झपाट्याने पडतो. २० अंशांच्या घाटीवर तो ताशी १.४ किलोमीटर उरतो, आणि तेच ३० मीटर सव्वा मिनिट खातात. उतरताना वेग ताशी २ किलोमीटर, म्हणजे जाण्याचा आणि येण्याचा नकाशा वेगळा. आणि हे मोकळ्या हातांनी चालणाऱ्याचं गणित. खांद्यावर डोली असेल तर वेग आणखी कमी धरावा लागतो.

आता लाखो चौकोनांमधून सर्वात कमी वेळाची वाट शोधायची. डच गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत इथे चालते. सुरुवात रक्तपेढीच्या चौकोनापासून. शेजारच्या चौकोनांना लागणारा वेळ लिहायचा, त्यातला सर्वात लहान आकडा पक्का करायचा, त्याच्या शेजाऱ्यांकडे वळायचं, पूर्वी लिहिलेल्या वेळेपेक्षा कमी वेळ मिळाला तर जुना आकडा खोडायचा. भरतीचं पाणी आधी खाडीच्या खोल पात्रातून आत शिरतं आणि मग हळूहळू खाजणात पसरतं, तसा हा हिशेब आधी हमरस्त्यांनी धावतो आणि मग पाणंदी, सडे, घाट्या चढतो. शेवटी प्रत्येक वाडीवर एक आकडा उरतो: रक्तापासून इतकी मिनिटं. गणित बाईपासून रक्ताकडे हवं असेल तर चढाचं चिन्ह उलटं करायला विसरायचं नाही.

कोकणात हा नकाशा एकदा काढून भागत नाही. मे महिन्याचा वेगळा, जुलैचा वेगळा, जुलैतल्या रात्रीचा आणखी वेगळा. पावसात साकव वाहून जातो, पऱ्ह्या (ओढा) पायी ओलांडता येत नाही, फेरीबोट खवळलेल्या पाण्यात थांबते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहरच पाण्याखाली होतं. २०२३ मध्ये दरड कोसळलेल्या इरशाळवाडीला जायला गाडीरस्ताच नव्हता. वाहन जात नाही तिथे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका पायथ्याशीच थांबणार, पुढचे चौकोन चालण्याच्या वेगानेच मोजायला हवेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने रंगवलेला कितीही देखणा नकाशा असो, त्यात साकव नसेल तर तो निरुपयोगी आहे. आणि साकव कुठे आहे ते आशाताईंना माहीत असतं, उपग्रहाला झाडीखालचं दिसत नाही.

एक अडचण मात्र गणिताने सुटत नाही. मृत्यूची खूण कुठे ठेवायची? पहिलटकरीण माहेरी येते. नोंद सासरच्या गावाची, तपासण्या तिथल्या, बाळंतपण दुसऱ्या तालुक्यात, आणि गंभीर झाली की मुंबईच्या रुग्णालयात. रायगडमधली कातकरी कुटुंबं वर्षातले कित्येक महिने वीटभट्ट्यांवर असतात. वाडीच्या नोंदवहीत नाव आहे, बाई नाही. मृत्यूच्या जागेवर खूण ठेवली तर सगळा दोष मोठ्या रुग्णालयावर येतो. गरोदरपणातले शेवटचे तीन महिने ती जिथे राहिली ती जागा धरावी, असं मला वाटतं. छोट्या वाडीत एक खूण म्हणजे एक घर ओळखू येणं, म्हणून छापील नकाशात ती थोडी सरकवणंही आवश्यक आहे.

दोन्ही थर एकमेकांवर ठेवले की कामाची माहिती मिळते. समजा, मे महिन्यात हिमोग्लोबिन ८, गरोदरपणाचा सातवा महिना, आणि जुलैतल्या रात्री रक्तापासून अडीच तास. अशा बाईचं हिमोग्लोबिन वाढायला उपचारानंतरही काही आठवडे लागतात, तेव्हा तिचे उपचार मे महिन्यातच सुरू व्हायला हवेत. दिवस भरत आले की तिला रुग्णालयाजवळ राहायला आणण्याची सोयही हवी. आदिवासी भागांसाठी राज्यात माहेरघर योजना याच कामासाठी आहे. आणि नवं रक्तसाठवण केंद्र कोणत्या ग्रामीण रुग्णालयात असावं हेही त्याच नकाशावर तपासता येतं: एकेक जागा घालून पाहायची, एका तासाच्या आत किती गरोदर स्त्रिया येतात ते मोजायचं. मे महिन्याच्या नकाशावर पहिली ठरलेली जागा जुलैच्या नकाशावर मागे पडू शकते. माझं म्हणणं, निवड जुलैच्या नकाशावरूनच करावी.