हळदीचा डाग आणि उन्हातले चित्र

मार्चमध्ये घरातल्या एका लग्नाच्या हळदीला माझ्या पाच वर्षांच्या नातीने हळदीच्या वाटीत हात बुडवला आणि तोच हात पांढऱ्या फ्रॉकला पुसला. घरी येऊन फ्रॉकला साबण लावला, तर त्यावरची पिवळी बोटे एकदम लाल झाली आणि ती रडायला लागली. फ्रॉक पिळून गच्चीवरच्या दोरीवर टाकला. संध्याकाळी बोटे शोधावी लागत होती. "नाशिकचं ऊन हो, तापून रंग उडाला," शेजारच्या वहिनी म्हणाल्या.

असे बहुतेकांना वाटते, पण ते चूक आहे. वरण कुकरमध्ये सुमारे १२० अंशांवर शिजते आणि तरीही पिवळेधमक बाहेर येते. दोरीवरचा फ्रॉक त्याच्या निम्म्यानेही तापत नाही. म्हणजे रंग उडवणारी गोष्ट उष्णता नव्हे. ती प्रकाश आहे.

हळदीचा पिवळा रंग मुख्यतः कर्क्युमिन या पदार्थाचा. त्याच्या लांबट रेणूच्या दोन टोकांना दोन कड्या असतात आणि मधल्या साखळीत एकेरी व दुहेरी बंध आलटून पालटून येतात. अशा साखळीतले इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले नसतात, ते साखळीभर पसरतात. त्यामुळे हा रेणू सुमारे ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा-जांभळा प्रकाश शोषतो. पांढऱ्या प्रकाशातून निळा वजा झाला की डोळ्यांना उरते ते पिवळे.

शोषलेल्या प्रकाशाचे पुढे काय होते, हा मला सर्वांत आवडणारा भाग. १२० अंशांना एका रेणूच्या वाट्याला येणारी उष्णतेची ऊर्जा साधारण ०.०३४ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचे एक अगदी छोटे माप) धरतात. निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा एकच कण २.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट घेऊन येतो, म्हणजे सुमारे ८५ पट, आणि ही सगळी ऊर्जा एकाच रेणूला एका फटक्यात मिळते. आमच्याकडच्या द्राक्षवाल्यांना हे लगेच कळेल: दिवसभराच्या भुरभुरीने पान फाटत नाही, पण एक गार पडली की आरपार भोक पडते. प्रत्येक फटक्याला रेणू तुटतोच असे नाही. बहुतेकदा तो घेतलेली ऊर्जा सोडून देऊन पूर्ववत होतो. पण तासन्‌तास मारा चालला की एकेक साखळी तुटत जाते. उरलेले तुकडे आखूड असल्यामुळे डोळ्यांना दिसणारा प्रकाश त्यांना शोषता येत नाही, म्हणून ते रंगहीन. त्या तुकड्यांत व्हॅनिलिनही असते, आइस्क्रीमला व्हॅनिलाचा वास देणारे तेच.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये वनस्पतींच्या रसांवर सूर्यप्रकाशाचा काय परिणाम होतो ते तपासून रॉयल सोसायटीपुढे मांडले. फुलापानांचा रस कागदाला लावून त्यावर उन्हाने चित्र काढायचे, ही कल्पना तिथली. आम्ही फुलांऐवजी हळद घेतली.

कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून दोन चमचे हळद अर्धी वाटी पातळ सॅनिटायझरमध्ये कालवून फडक्याने गाळावी. हे काम मोठ्यांनी, गॅसपासून लांब आणि खिडकी उघडी ठेवून करावे. गाळलेला रंग ब्रशने जाड ड्रॉइंग पेपरवर लावून कागद अंधाऱ्या जागी वाळवावा. इथून पुढे सगळे मुलांच्या हाती. नातीने द्राक्षाचे पान, कढीपत्त्याची काडी आणि तिची एक हेअरपिन मांडली. वर जुन्या फोटोफ्रेमची काच ठेवली, कारण पानाची कड उचलली गेली तर सूर्य सरकेल तशी सावली सरकते आणि चित्र पुसट होते. नाशिक २० अक्षांशावर असल्याने २०-२१ मेच्या सुमारास दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, म्हणून हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीतलेच. कडक उन्हात तीन-चार तास ठेवावे लागते.

त्याच वेळी हळद लावलेला एक तुकडा बंद पत्र्याच्या डब्यात घालून तो डबाही उन्हात ठेवा. हे मात्र चुकवू नका. आमचा डबा हात लावू देईना इतका तापला होता, पण आतला कागद तसाच पिवळा होता. वहिनींना मी तोच दाखवला.

पानाबद्दल एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. उन्हाकडे धरलेले कोवळे पान हिरवे चमकते, म्हणजे थोडा प्रकाश आरपार जातो. मग त्याच्याखालच्या कागदाचा रंग का उडत नाही? कारण आरपार येतो तो मुख्यतः हिरवा प्रकाश. निळा प्रकाश हरितद्रव्य आधीच शोषून घेते, आणि हळदीला मोडतो तो निळाच.

चित्र गडद करायचे तर धुण्याच्या सोड्याचे पाणी ब्रशने फिरवावे, तेही मोठ्यांनी. अल्कलीत, म्हणजे साबण, सोडा, चुना अशा पदार्थांत, कर्क्युमिनचा रंग लालसर तपकिरी होतो, म्हणूनच साबणाने फ्रॉक लाल झाला होता. हळद आणि चुना मिळून कुंकू होते तेही यामुळेच. याच रसायनाच्या जोरावर भोंदू मांत्रिक हळदीच्या पाण्यात गुपचूप चुन्याची निवळी ओततात आणि 'करणीचे रक्त' निघाल्याचे सांगून घाबरलेल्या माणसांना लुबाडतात. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. मला वाटते, ज्या मुलाने स्वतःच्या हाताने हळद लाल केली, त्याला पुढे कोणी याने घाबरवू शकणार नाही.

हळदच का लावू नये, असा प्रश्न आला म्हणून नातीने डब्यातले हळकुंड कुंडीत पुरले आणि महिनाभर पाणी घातले. उगवले काहीच नाही. बाजारातले हळकुंड काढणीनंतर शिजवून वाळवलेले असते, त्यात जीव उरत नाही. लावायचा तो ओल्या हळदीचा गड्डा, अक्षय्य तृतीयेच्या आसपास, डोळा वर करून. हळद तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात.

पहिले चित्र आम्ही हौसेने खिडकीसमोर लावले. उरलेली हळदही उजेडाला तितकीच हळवी आणि हे चित्र पक्के करण्याचा उपाय आमच्याकडे नव्हता; पंधरा दिवसांत द्राक्षाचे पान कागदावरून नाहीसे झाले. दुसरे चित्र तिने कपाटात वहीत ठेवले आहे. रोज एकदा उघडते, बघते आणि पटकन मिटते.